अणुभट्टीची आणीबाणी आणि कोल्हापूरचे दूध

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशाची अणुवीज निर्मितीची क्षमता २०४७ पर्यंत १०० गिगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले, तेव्हा ती क्षमता जेमतेम ८ गिगावॉट होती. एवढी मोठी उडी घ्यायची म्हटल्यावर रखडलेल्या प्रकल्पांची नावे पुन्हा निघणार, आणि कोल्हापुरात त्यातले पहिले नाव जैतापूरचे असणार, हे उघड आहे. त्यासोबत जो प्रश्न येतो तो असा: तिकडे काही बिनसले तर इकडे आपल्या आरोग्याचे काय, आणि त्यासाठी सरकारने काही ठरवून ठेवलेले असते का? हा प्रश्न मला अनेक रूपांत विचारला गेला आहे. एका निवृत्त शिक्षकांना ‘त्या गोळ्या’ कोणत्या दुकानात मिळतात ते हवे होते. शेजारच्या काकूंनी आयोडीनयुक्त मिठाची दोन पोती आणून ठेवावीत का, असे विचारले. एका तरुण डॉक्टरांना अशा रुग्णाला हात लावणे सुरक्षित असते का, ही शंका होती. दुधाविषयी मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. ज्या जिल्ह्यात सकाळ-संध्याकाळ गावागावांतल्या दूध संस्थेसमोर किटल्यांची रांग लागते, तिथे मला याचे नवल वाटते, कारण शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या अपघातात कोल्हापूरच्या आरोग्य यंत्रणेची कसोटी लागेल ती दुधावर आणि घाट चढून येणाऱ्या माणसांवर.

आधी अंतरे

नकाशावर सरळ रेषेत मोजले तर कोल्हापूरपासून कारवारजवळचे कैगा अणुवीज केंद्र सुमारे २०० किलोमीटरवर आणि पालघर जिल्ह्यातील तारापूर साधारण ३८० किलोमीटरवर आहे. जैतापूर प्रकल्पाची जागा, म्हणजे राजापूर तालुक्यातील माडबन, सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तिथे प्रत्येकी १,७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव असला तरी त्यातील एकही अजून उभी राहिलेली नाही.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणीबाणीच्या नियोजनासाठी काही अंतरे सुचवली आहेत आणि ती अणुभट्टीत किती उष्णता निर्माण होते यावर ठरतात. ही उष्णता मेगावॉटमध्ये मोजली तर ती विजेच्या साधारण तिप्पट असते. उष्णता १,००० मेगावॉटहून अधिक असलेल्या मोठ्या अणुभट्टीसाठी पहिले वर्तुळ ३ ते ५ किलोमीटरचे, दुसरे १५ ते ३० किलोमीटरचे, किरणोत्साराची मोजणी करून पुढचे निर्णय घेण्याचे तिसरे वर्तुळ १०० किलोमीटरचे आणि अन्नपाण्यावर लक्ष ठेवण्याचे चौथे वर्तुळ ३०० किलोमीटरचे असते. त्याहून लहान अणुभट्ट्यांसाठी शेवटची दोन वर्तुळे ५० आणि १०० किलोमीटरपर्यंत आखडतात.

आता हे कोल्हापूरला लावून पाहू. कैग्याच्या सध्याच्या चारही अणुभट्ट्या प्रत्येकी २२० मेगावॉट विजेच्या, म्हणजे लहान गटातल्या आहेत, त्यामुळे कोल्हापूर त्यांच्या शेवटच्या वर्तुळाच्याही बाहेर राहते. तिथे ७०० मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्यांचे काम हाती घेतलेले आहे. त्या सुरू झाल्या की कोल्हापूर त्यांच्या ३०० किलोमीटरच्या आत येईल. तारापूर तीनशेच्या पलीकडे आहे. जैतापूर झालेच, तर कोल्हापूर शहर शंभर किलोमीटरच्या काठावर आणि गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी हे पश्चिमेचे तालुके त्याच्या आत असतील. गाव रिकामे करण्याच्या, म्हणजे पहिल्या दोन वर्तुळांत मात्र जिल्ह्यातील कोणतेही गाव येत नाही, आणि हे एकदा लक्षात आले की पुढचे बरेचसे भय आपोआप योग्य मापात येते.

बॉम्ब नव्हे, काहील

अणुभट्टीचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकत नाही. बॉम्बसाठी लागणारे युरेनियम साधारण ९० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले असते, तर आपल्याकडच्या बहुतेक अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात आणि त्यात उपयोगी भाग एक टक्काही नसतो. खरी अडचण वेगळी आहे आणि ती ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला लगेच कळेल. चुलवाणातला जाळ ओढून घेतला तरी काहील लगेच निवत नाही. आतला रस रटरटत राहतो आणि ढवळणारा हात थांबला तर तो करपतो. अणुभट्टी बंद केल्यानंतरही इंधनात पूर्वीच्या सुमारे सात टक्के उष्णता तयार होतच असते. ती तासागणिक कमी होत जाते, पण तोवर पाणी फिरवून इंधन थंड ठेवावे लागते. फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर अणुभट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज आणि जनित्रे गेली, पाणी फिरेना, आणि इंधन वितळले.

या गोष्टीची दुसरी बाजू नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. इंधन वितळणे, दाब वाढणे आणि किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडणे यांत बहुधा काही तास जातात. फुकुशिमातील पहिला स्फोट भूकंपानंतर सुमारे २४ तासांनी झाला. आरोग्याचे सगळे नियोजन या मधल्या तासांचा वापर कसा करायचा याभोवती उभे असते.

ऊन आणि गुलाल

किरणोत्सार हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी सरसकट वापरतो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. उन्हात उभे राहिलात तर ऊन लागते. सावलीत आलात की लागायचे थांबते, आणि उन्हातून आलेल्या माणसाला शिवल्याने आपल्याला ऊन लागत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेतून परतलेल्या माणसाची गोष्ट निराळी असते. त्याच्या कपड्यांवर, केसांत, नखांत गुलाल असतो, तो घरात शिरला की जाजमालाही लागतो, आणि यात्रेत श्वासावाटे थोडा गुलाल आतही गेलेला असतो. पहिल्या प्रकाराला ‘किरणांशी संपर्क’ आणि दुसऱ्याला ‘किरणोत्सारी पदार्थांनी दूषित होणे’ म्हणतात. छातीचा एक्स-रे काढलेला माणूस पहिल्या प्रकारात मोडतो आणि तो कोणालाही काही देत नाही. अणुभट्टीतून सुटलेली धूळ अंगावर पडलेला माणूस दुसऱ्या प्रकारातला. त्याने वरचे कपडे दाराबाहेर उतरवून पिशवीत बांधले तर अंगावरच्या धुळीचा सुमारे ९० टक्के भाग तिथेच जातो, आणि साबण-पाण्याने नीट अंघोळ केली की उरलेल्यातलाही बराच जातो. यात्रेहून आलेल्याला आजी उंबऱ्याबाहेरच थांबवते, तेच येथे करायचे आहे.

मोजमापाचे एकच एकक पुढे लागेल: मिलिसीव्हर्ट, म्हणजे शरीराला किरणोत्सारामुळे किती इजा संभवते याचे माप. माती, खडक, आकाश आणि अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण १० मिळतात. एकदम १,००० च्या आसपास मिळाले तर उलट्या, रक्तपेशी घटणे असा तातडीचा आजार सुरू होऊ शकतो. शंभरच्या खाली तातडीचे काही होत नाही. कर्करोगाचा जो थोडासा वाढीव धोका गृहीत धरला जातो तो इतका लहान असतो की लोकसंख्येतील नेहमीच्या कर्करोगांतून तो वेगळा काढून दाखवणे अवघड जाते. म्हणूनच पहिल्या सात दिवसांत १०० मिलिसीव्हर्ट मिळण्याची शक्यता असेल तर लोकांना घरात थांबवावे किंवा हलवावे, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे.

इशारा पातळी आणि धोका पातळी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापूरच्या शाळकरी मुलालाही पाठ असते. पाणी अंगणात येण्याची वाट न पाहता आकड्यावरून हालचाल सुरू व्हावी, यासाठी ही सोय आहे. अणुवीज केंद्रातही अशाच पायऱ्या ठरलेल्या असतात. बिघाडाचा परिणाम संयंत्रापुरता असेल तर एक पायरी, केंद्राच्या आवारापर्यंत पोहोचेल तर दुसरी, आणि कुंपणाबाहेरच्या लोकवस्तीपर्यंत जाण्याची शक्यता असेल तर तिसरी. गुजरातमधील काक्रापार येथे ११ मार्च २०१६ रोजी, म्हणजे योगायोगाने फुकुशिमाच्या बरोबर पाच वर्षांनी, अणुभट्टीत वापरल्या जाणाऱ्या जड पाण्याची गळती झाली तेव्हा पहिली पायरी जाहीर झाली होती आणि गोष्ट तिथेच आवरली गेली.

पहिल्या दोन पायऱ्यांची जबाबदारी केंद्र चालवणाऱ्यांची असते. तिसऱ्या पायरीवर सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, कारण बस, पोलीस, शाळा, रुग्णालये आणि धान्य हे सारे जिल्हा प्रशासनाच्या हातात असते आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानेही जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुखपद त्यांच्याकडेच दिलेले आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ नियम ठरवते आणि तपासते, भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसे मोजणी करतात, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या मदतीला येतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्याकडे परंपरेने केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतच्या गावांचे तपशीलवार नियोजन केले जाते आणि कुंपणाबाहेरच्या आणीबाणीची रंगीत तालीम दर दोन वर्षांनी घेतली जाते. तालमींविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. ठरलेल्या दिवशी, कोरड्या हवेत, दिवसाउजेडी केलेली तालीम कागदावर यशस्वी होते. कोकणातल्या जुलैतल्या रात्री, वीज गेलेली असताना, घाटात दरड पडलेली असताना काय होईल, हे तिच्यातून कळत नाही.

‘त्या गोळ्या’ काय करतात, आणि मीठ का चालत नाही

अपघातात बाहेर पडणाऱ्या पदार्थांपैकी पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत घातक असते ते किरणोत्सारी आयोडीन. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागतेच, आणि चांगले आयोडीन कोणते व किरणोत्सारी कोणते हा फरक तिला कळत नाही. पोटॅशियम आयोडाइडची गोळी दिली की ग्रंथी साध्या आयोडीनने भरून जाते आणि नंतर आलेल्याला जागा उरत नाही, जशी रिझर्वेशन भरलेल्या डब्यात उशिरा आलेल्याला मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी मात्रा १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ६५, त्याहून लहानांसाठी ३२ आणि नवजात बाळासाठी १६ मिलिग्रॅम असते. ती आयोडीन श्वासात जाण्याच्या आधीच्या २४ तासांत किंवा नंतरच्या दोन तासांत घेतली तर उत्तम. आठ तासांपर्यंत काही उपयोग होतो, एक दिवस उलटल्यावर घेतली तर लाभापेक्षा अपायच अधिक. मुले, गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या माता यांचा क्रम पहिला. चाळिशीपुढच्यांना तिचा फायदा कमी.

आता काकूंच्या पोत्यांकडे वळू. १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. घरातल्या आयोडीनयुक्त मिठात ते किलोला किमान १५ मिलिग्रॅम असावे, असा आपला नियम आहे. म्हणजे एका गोळीइतके आयोडीन मिळवायला साडेसहा किलोंहून अधिक मीठ एका बैठकीत खावे लागेल, आणि तसे केल्यास माणूस किरणोत्साराच्या कितीतरी आधी मिठानेच मरेल. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी दुकानांतले मीठ असेच संपवले होते. जखमेवर लावायचे आयोडीनचे औषध पिणे तर सरळसरळ विषारी आहे, आणि थायरॉईडच्या विकारासाठी रोज घ्यायची गोळी हे वेगळे औषध आहे. तिचा येथे काही उपयोग नाही. मात्र रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ असणे चांगलेच. १९८६ मध्ये अणुभट्टीचा अपघात झालेल्या चेर्नोबिलच्या आसपासच्या भागात आहारातच आयोडीन कमी होते आणि तिथल्या मुलांच्या थायरॉईडने किरणोत्सारी आयोडीन अधिक हावरेपणाने ओढून घेतले.

मग गोळ्या आधीच घरोघर का वाटत नाहीत? काही देश वाटतात. स्वित्झर्लंडमध्ये केंद्रापासून ५० किलोमीटरपर्यंत, फ्रान्समध्ये २० किलोमीटरपर्यंत त्या आधीच दिल्या जातात. १६ किलोमीटरच्या आत तसे करावे याला माझा पाठिंबा आहे, कारण दोन तासांची मुदत आणि कोकणातले रस्ते यांचा मेळ बसत नाही. कोल्हापुरात त्या घरोघर वाटण्याची मात्र गरज दिसत नाही. गोळी फक्त एका ग्रंथीचे, फक्त एका पदार्थापासून, साधारण एक दिवस रक्षण करते, आणि ती कपाटात आहे म्हणून निर्धास्त होऊन कोणी सूचना न ऐकता बाहेर पडला तर तिने नुकसानच केले असे होईल.

पळणे नेहमीच शहाणपणाचे नसते

सर्वांना लगेच गाड्यांत घालून दूर न्यावे, हे ऐकायला बरोबर वाटते. फुकुशिमाचा अनुभव उलट सांगतो. तिथे दीड लाखाहून अधिक लोक घर सोडून गेले. त्यात रुग्णालयांतले आणि वृद्धाश्रमांतले अंथरुणाला खिळलेले रुग्ण होते. त्यांना पुरेशा वैद्यकीय सोबतीशिवाय तासन्‌तास बसमधून हलवण्यात आले आणि पन्नासहून अधिक जण त्या धावपळीत किंवा लगेच नंतर दगावले. पुढच्या काही वर्षांत विस्थापनाच्या हालअपेष्टांशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या त्या प्रांतात दोन हजारांच्या वर गेली. याउलट, तिथल्या रहिवाशांत किरणोत्साराला थेट जबाबदार धरता येईल असा आरोग्यावरचा दुष्परिणाम नोंदला गेलेला नाही, असा संयुक्त राष्ट्रसंघाच्या वैज्ञानिक समितीचा निष्कर्ष आहे. स्थलांतर केले नसते तर किरणोत्साराची मात्रा वाढली असती, हे खरेच आहे. पण कोणाला, कधी आणि कशातून हलवायचे याचा हिशेब चुकला की औषध रोगापेक्षा महाग पडते.

म्हणून ‘घरातच थांबा’ ही सूचना मिळाली तर ती सरकारने हात झटकल्याची खूण समजू नये. पक्क्या घरात दारे-खिडक्या लावून, पंखे आणि कूलर बंद करून, आतल्या खोलीत काही तास काढले तर किरणोत्सारी कणांचा ढग वरून निघून जाईपर्यंतची मात्रा बरीच कमी होते. कौलारू आणि भेगाळलेल्या घरात हा फायदा कमी मिळतो; अशा घरांतल्यांसाठी गावातली शाळा किंवा समाजमंदिर आधीच ठरवून ठेवावे लागते. डायलिसिसवर असलेले, अंथरुणाला खिळलेले, नऊ महिने भरत आलेल्या बायका यांची घरनिहाय माहिती बहुतेक गावांत आशा सेविकेच्या वहीत आधीपासून असते. आणीबाणीच्या आराखड्यात ती वही सर्वांत उपयोगी कागद ठरते, असे माझे मत आहे.

आता दूध

गवतावर पडलेले किरणोत्सारी आयोडीन जनावर खाते. गाय किंवा म्हैस दिवसभरात चरून मोठ्या क्षेत्रावरचा चारा पोटात घेते, आणि त्यातले आयोडीन एक-दोन दिवसांत दुधात उतरते. ते दूध सर्वांत जास्त पिते लहान मूल, ज्याची थायरॉईड ग्रंथी इवलीशी असल्याने तेवढ्याच आयोडीनची मात्रा तिथे कितीतरी पटींनी अधिक पडते. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ रोजी अपघात झाला. केंद्राजवळचे प्रीप्यात शहर दुसऱ्या दिवशी रिकामे केले गेले, पण दूरच्या खेड्यांतून दूध वेळेवर थांबवले गेले नाही. त्या वेळी मुले किंवा किशोरवयीन असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील मोठा वाटा दुधामुळे होता. त्यांतील बहुतेक उपचारांनी वाचले, एवढाच दिलासा. शेजारच्या पोलंडने काही दिवसांतच एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीन पाजले आणि ताज्या दुधावर निर्बंध घातले.

दूध उकळले तर चालेल ना, हा प्रश्न येणारच. नाही चालणार, उकळण्याने जंतू मरतात, किरणोत्सार मरत नाही. त्याला मारते ती फक्त वेळ. किरणोत्सारी आयोडीनचा अर्धा भाग दर आठ दिवसांनी आपोआप नष्ट होतो, म्हणजे ८० दिवसांत ते हजारावा भागही उरत नाही. त्यामुळे आयोडीनने दूषित झालेल्या दुधाची भुकटी करून ती तीन महिने बाजूला ठेवली तर तो धोका जवळपास संपतो. अपघातात बाहेर पडणारा सीझियम हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला असेल तर ही युक्ती लागू पडत नाही, कारण त्याला अर्धे व्हायला तीस वर्षे लागतात. म्हणून आधी मोजणी, मग निर्णय. आणि सर्वांत सोपा उपाय गोठ्यातच आहे: जनावरे चरायला न सोडता झाकून ठेवलेला जुना कडबा आणि पेंड द्यायची, पाणी विहिरीचे किंवा झाकलेल्या टाकीचे पाजायचे. गोकुळ आणि वारणेसारखे संघ रोज गावोगावच्या संस्थांतून दूध गोळा करतात. त्याच साखळीने उलट दिशेने ही सूचना काही तासांत प्रत्येक गोठ्यापर्यंत जाऊ शकते आणि त्याच साखळीतून तालुकानिहाय नमुने तपासणीला येऊ शकतात. इतकी तयार यंत्रणा फार थोड्या जिल्ह्यांकडे असेल.

पाऊस यात दोन्ही बाजूंनी खेळतो. पावसाळ्यात वारे समुद्राकडून सह्याद्रीकडे वाहतात, ढग घाटमाथ्यावर अडतो, आणि हवेतले कण पावसासोबत खाली उतरतात. चेर्नोबिलपासून दोन हजार किलोमीटरवरच्या वेल्समध्ये नेमके हेच झाले: त्या दिवसांत डोंगराळ भागावर जोरदार पाऊस पडला, सीझियम तिथल्या गवतात मुरले, आणि तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवरचे शेवटचे निर्बंध २०१२ मध्ये, म्हणजे सुमारे २६ वर्षांनी उठले. जवळच्या पण कोरड्या राहिलेल्या भागांना तुलनेने कमी झळ लागली. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातले मर्म सांगावे लागणार नाही. शहरापेक्षा घाटमाथ्यावरच्या गावांचे नमुने आधी घ्यायला हवेत, मग ती गावे लोकसंख्येने कितीही लहान असोत.

डॉक्टरांना भीती कशाची?

अंगावर किरणोत्सारी धूळ असलेला रुग्ण आला तर त्याच्यावर उपचार करणाऱ्यांना, त्यांनी मास्क, हातमोजे, गाऊन घातलेला असल्यास, सहसा नगण्य मात्रा मिळते. म्हणून नियम असा की जीव वाचवणारे उपचार आधी, धुणे-पुसणे नंतर. हाड मोडलेल्या माणसाला मोजणी होईपर्यंत दाराबाहेर ठेवणे ही चूक आहे. किरणांचा मार किती बसला याचा पहिला अंदाज घ्यायला महागडे यंत्र लागत नाही. उलटी किती वेळाने सुरू झाली आणि रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी पहिल्या ४८ तासांत किती वेगाने घटल्या, यावरून तो बांधता येतो, आणि ही रक्ततपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होते. सीझियम पोटात गेले असेल तर प्रशियन ब्लू नावाचे औषध त्याला आतड्यात धरून बाहेर काढते. अशी औषधे देशांनी साठ्यात ठेवावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सुधारित यादी प्रसिद्ध केली.

येथे थोडे विषयाच्या कडेला जाऊन सांगतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू असलेले एक जुने उपकरण फोडले गेले, अनेक जण भाजले आणि एकाचा मृत्यू झाला. ते उपकरण अणुवीज केंद्रातून आलेले नव्हते, विद्यापीठातून आले होते. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत रोज भंगार वितळते. न बऱ्या होणाऱ्या विचित्र जखमा घेऊन येणाऱ्या भंगारवाल्याला ‘तुम्ही कोणती धातूची पेटी फोडली होती का?’ असे विचारणारा डॉक्टर या शहराला जैतापुराच्या आधी हवा आहे. शहरात जिथे किरणोपचाराची सोय आहे तिथे नियमानुसार किरण सुरक्षा अधिकारी आणि मोजणीचे यंत्र असते. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात त्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावलेला असणे ही खर्चाची बाब नाही.

पण सरकार खरे सांगेल का?

हा आक्षेप पोकळ नाही. चेर्नोबिलच्या वेळी जगाला पहिली चाहूल सोव्हिएत सरकारकडून लागली नाही. ती २८ एप्रिलला स्वीडनमधील एका अणुवीज केंद्रातल्या मोजणीतून लागली. आज परिस्थिती थोडी बदललेली आहे, कारण देशभर किरणोत्सार मोजणारी स्वयंचलित केंद्रे आहेत आणि हवेतले कण जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सीमेवर थांबत नसल्याने लपवालपवी फार दिवस टिकत नाही. तरी सुरुवातीच्या काही तासांत उशीर होऊ शकतो, आणि गोळीचा व दुधाचा निर्णय नेमका त्याच तासांतला असतो.

अर्धवट माहितीचाही त्रास कमी नसतो. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर मार्च १९७९ मध्ये राज्यपालांनी आठ किलोमीटरच्या आतल्या गर्भवती आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला. असे लोक काही हजार होते. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ४४ हजार लोक घर सोडून गेले. सूचनेत कोणी थांबायचे हे स्पष्ट सांगितले नाही की सगळेच निघतात. २०१९ च्या महापुरात कोणता रस्ता चालू आणि कोणता बंद याविषयी मोबाइलवर फिरलेल्या निरोपांचा अनुभव आपल्या गाठीशी आहेच. म्हणून आराखड्याचा मराठी सारांश, कोणत्या आकड्याला कोणती सूचना निघेल या तक्त्यासह, आधीच ग्रामपंचायतीच्या फलकावर असावा. सुरक्षेच्या कारणाने तो गुप्त ठेवावा, हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण ज्याने पाळायची आहे त्यालाच ठाऊक नसलेली सूचना आयत्या वेळी पाळली जात नाही.

अणुस्कुऱ्यातून येणारी माणसे

जैतापूर कधी उभे राहिले आणि कधी काळी राजापूर तालुक्यातली गावे हलवावी लागली, तर त्यांतील बरीच माणसे अणुस्कुरा घाट चढून मलकापूरमार्गे कोल्हापूरकडेच येतील. तेव्हा आपला जिल्हा आपत्तीग्रस्त असण्यापेक्षा यजमान असेल, आणि यजमानाच्या आरोग्य नियोजनाचा आराखडा वेगळा असतो. घाटमाथ्यावर मोजणीची जागा, कपडे बदलण्याची आणि अंघोळीची सोय, स्त्री-पुरुषांसाठी वेगळा आडोसा, स्वच्छ कपड्यांचे गठ्ठे, काढलेल्या कपड्यांच्या बांधलेल्या पिशव्या, नावनोंदणी, आणि मधुमेह, रक्तदाब, फिट यांच्या रोजच्या औषधांचा साठा, कारण घाईत निघालेला माणूस गोळ्यांचा डबा घरीच विसरतो. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ मध्ये किरणोत्सारी सीझियम लोकांच्या हाती पडले तेव्हा भीतीपोटी तपासणीला आलेल्या सुमारे १ लाख १२ हजार लोकांपैकी प्रत्यक्षात दूषित असलेले निघाले २४९. तपासणीच्या रांगेत बहुसंख्य माणसे निरोगी पण घाबरलेली असणार, हे धरून बसायला खुर्च्या, प्यायला पाणी आणि शांतपणे बोलणारी माणसे ठेवावी लागतात.

तपासणीनंतर दिला जाणारा ‘मोजले, दूषित नाही’ असा शिक्क्याचा कागद क्षुल्लक वाटेल. फुकुशिमातून गेलेल्या लोकांना इतर शहरांत घर देताना, शाळेत मुले घेताना मागे-पुढे पाहिले गेले, आणि चेर्नोबिलचा सर्वांत मोठा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानसिक आरोग्याचा होता असे त्या अपघाताचा २० वर्षांनी आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाने म्हटले. राजापूरहून आलेल्या बाईला मलकापुरात खोली भाड्याने देताना घरमालक ‘तुमच्यापासून आमच्या पोरांना काही होणार नाही ना?’ असे विचारेल. त्या वेळी तिच्या हातात तो कागद आणि घरमालकाच्या कानावर ऊन आणि गुलाल यांतला फरक आधीच पडलेला असला पाहिजे.